दुरुस्तीआधीची सुरक्षा-पद्धत फोनवर कशी द्यावी: मेन्टेनन्स खात्यासाठी

वाळूजचं प्रेस शॉप असो, जालन्याची रोलिंग मिल असो की लातूर-धाराशिवकडचा साखर कारखाना, यंत्र बंद करून दुरुस्ती कशी करायची हे बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं. फक्त ते सेफ्टी ऑफिसच्या कपाटात असतं, इंग्रजीत असतं आणि जाडजूड फाइलमध्ये असतं. रात्रपाळीत ऊस कॅरियरची चेन अडकते तेव्हा तिथं फिटर आणि हेल्पर असतात. फाइल कुलपात असते. यंत्राजवळ उभ्या असलेल्या माणसाला त्याच यंत्राची, त्याच कामाची आणि आज लागू असलेली पद्धत हातात मिळावी, एवढ्यासाठी फोन आणायचा. लॉक (स्विचला लावायचं कुलूप), टॅग (यंत्र कोणी बंद केलंय ते सांगणारी चिठ्ठी) आणि टेस्टर (वीज आहे का ते दाखवणारं साधन) यांची जागा फोन घेऊ शकत नाही, हे पहिल्या दिवशी सगळ्यांना स्पष्ट सांगा.

ॲप नंतर, यंत्र आधी

पुष्कळ ठिकाणी आधी ॲप घेतलं जातं आणि मग जुनी इंग्रजी फाइल स्कॅन करून त्यात टाकली जाते. फोनच्या पाच इंची पडद्यावर ए-४ आकाराचं पान बोटांनी मोठं करत कोणीही वाचत नाही. पद्धत नव्यानं, यंत्राजवळ उभं राहूनच लिहावी लागते.

आधी यादी करा. दुरुस्तीला, साफसफाईला किंवा अडकलेलं काढायला माणूस ज्या यंत्रात हात किंवा अंग घालतो, ती यंत्रं या यादीत येतात. त्यातली सगळ्यात जास्त वेळा उघडली जाणारी दहा-बारा पहिल्या फेरीत घ्या. सगळा प्लँट एकदम घेतला की कार्ड (एका यंत्राच्या एका कामाची पायरीवार पद्धत) घाईनं लिहिली जातात आणि आयसोलेटरचे (सप्लाय तोडणाऱ्या मुख्य स्विचचे) नंबर चुकतात. चुकीचा नंबर असलेलं कार्ड हे कार्ड नसण्यापेक्षा वाईट, कारण माणूस त्याच्यावर भरवसा ठेवून हात आत घालतो.

मग प्रत्येक यंत्राभोवती एक फेरी मारा. सोबत फिटर, इलेक्ट्रिशियन आणि त्या यंत्राचा ऑपरेटर तिघंही हवेत, कारण यंत्राला जीव कुठून कुठून येतो हे तिघांना मिळूनच पूर्ण माहीत असतं. मेन सप्लाय सगळ्यांना दिसतो. कंट्रोल सप्लाय दुसऱ्याच पॅनलमधून आलेला असतो, हवेची लाइन शेजारच्या यंत्राला जोडलेली असते, वाफेच्या लाइनला मागच्या बाजूनं बायपास असतो, हे विसरलं जातं. प्रत्येक जागी खडूनं खूण करा, आयसोलेटर खरोखर ओढून बघा आणि त्याला लॉक बसतं का तेही पाहा. जुन्या पॅनलच्या एमसीबीला (छोट्या सर्किट ब्रेकरला) लॉकसाठी भोकच नसतं. तिथं क्लॅम्प लागेल, तो आधी मागवा. लॉक बसत नसलेल्या स्विचचा फोटो काढून खाली ‘लॉक करा’ असं लिहिण्यात अर्थ नाही.

सप्लाय तोडल्यावर यंत्रात काय उरतं, हा या फेरीतला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. ४१५ व्होल्टच्या ड्राइव्हमध्ये (मोटरचा वेग बदलणाऱ्या उपकरणात) डीसी बसवर (आतल्या डीसी विजेच्या पट्ट्यांवर) साधारण ५८७ व्होल्ट असतात आणि मेन बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये ते काही मिनिटं टिकतात. किती मिनिटं थांबायचं हे ड्राइव्हच्या पाटीवर लिहिलेलं असतं. तोच आकडा कार्डावर घ्या, अंदाजानं टाकू नका. जालन्याकडच्या इंडक्शन फर्नेसच्या कपॅसिटर बँकेला तर डिस्चार्ज करून, मोजून, अर्थिंग करूनच (जमिनीला जोडूनच) हात लावायचा. साखर कारखान्याचा फायब्रायझर (हॅमरनं ऊस फोडणारं यंत्र) मोटर बंद केल्यावरही स्वतःच्या वजनानं बराच वेळ फिरत राहतो. थांबल्यावर एका बाजूचे हॅमर काढले की रोटर जड बाजूकडे आपोआप वळतो, म्हणून त्याला आधी अडकण लावावं लागतं. चढावरच्या बगॅस (उसाचं चिपाड) कॅरियरचं कपलिंग खोललं की भरलेली चेन मागं घसरू शकते. हायड्रॉलिकच्या ॲक्युम्युलेटरमध्ये (दाब साठवणाऱ्या टाकीत) पंप बंद असतानाही दाब असतो. यातलं एकही वाक्य ‘साठलेली ऊर्जा मोकळी करा’ अशा एका ओळीत कोंबायचं नाही. नेमकं काय, कुठून आणि कसं मोकळं करायचं ते लिहायचं.

एक कार्ड कसं दिसतं

नमुन्याला १६० टनाचा फ्रिक्शन क्लचचा पॉवर प्रेस घेऊ. रॅम म्हणजे त्याचा वर-खाली होणारा भाग, डाय म्हणजे साचा, फ्लायव्हील म्हणजे मोटरनं फिरणारं जड चाक आणि सेफ्टी ब्लॉक म्हणजे रॅम खाली येऊ नये म्हणून लावायचा ठोकळा; एमसीसी हे मोटरच्या स्विचचं पॅनल आणि फीडर ही त्यातून यंत्राला जाणारी लाइन. काम: डाय जागेवर ठेवून तिची दुरुस्ती. यंत्र क्रमांक पीपी-०७, कार्ड आवृत्ती ३. क्रम आपल्या प्रेसच्या मॅन्युअलशी ताडून घ्या; त्यात वेगळं असेल तर मॅन्युअलचं खरं.

१. ऑपरेटर आणि शिफ्ट इन्चार्जला सांगा. प्रेसवर ‘काम चालू’ पाटी लावा.
२. रॅम सगळ्यात वर आणून थांबवा. मोटर बंद करा.
३. फ्लायव्हील पूर्ण थांबलं हे डोळ्यांनी बघा. आवाजावरून ठरवू नका.
४. पॅनल एमसीसी-२, फीडर ११. आयसोलेटर खाली ओढा. आपलं लॉक आणि टॅग लावा. किल्ली खिशात.
५. सेफ्टी ब्लॉकचा प्लग सॉकेटमधून काढा. ब्लॉक रॅमखाली लावा. या प्रेसला दोन ब्लॉक लागतात.
६. डावीकडच्या खांबावरचा हवेचा व्हॉल्व्ह बंद करा, लॉक करा. ड्रेन उघडा. गेज शून्यावर आलं का बघा.
७. टेस्टर आधी चालू लाइनवर तपासा. मग फीडर ११ च्या खालच्या तिन्ही फेजवर तपासा. मग पुन्हा चालू लाइनवर तपासा. (इलेक्ट्रिशियन)
८. दोन्ही हातांची बटणं दाबा. काहीही हललं नाही, तरच काम सुरू.

पाच आणि सहाचा क्रम उलटला तर काय होतं, हे कार्डावर त्याच जागी एका ओळीत हवं: काउंटरबॅलन्स सिलिंडरमधली हवा रॅमचं वजन पेलत असते, ब्लॉक न लावता हवा सोडली तर ते सगळं वजन एकट्या ब्रेकवर येतं. कारण कळलं की माणूस क्रम मोडत नाही. काम संपल्यावर क्रम उलटा: आधी माणसं आणि पाने-हत्यारं मोजा, मग हवा द्या, मग ब्लॉक काढा, गार्ड बसवा. ज्यानं लॉक लावलं त्यानंच ते काढायचं. पहिला स्ट्रोक इंचिंगवर (थोडं-थोडं सरकवत), आणि त्या वेळी प्रेसजवळ ऑपरेटरशिवाय कोणी नको.

सातव्या पायरीत टेस्टर तीनदा का? दुसऱ्या वेळी दिवा लागला नाही याचे अर्थ दोन निघतात: सप्लाय नाही, किंवा टेस्टर मेलाय. आधी आणि नंतर चालू लाइनवर तपासल्याशिवाय त्यातला खरा कोणता ते कळत नाही. ही पायरी ‘सप्लाय तपासा’ अशी लिहिली तर प्रत्येक जण आपल्या सोयीनं तपासणार.

पायरी लिहिताना एका पायरीत एकाच जागेवरचं काम ठेवा. पॅनलवर, व्हॉल्व्हवर रंगानं जे नाव लिहिलंय तेच कार्डावर घ्या. ड्रॉइंगवरचं नाव वेगळं असेल तर पॅनल पुन्हा रंगवून घ्या. इमर्जन्सी स्टॉप दाबणं म्हणजे सप्लाय तोडणं नव्हे, हे प्रत्येक कार्डाच्या डोक्यावर येऊ द्या. आपल्या भागात आणखी एक ओळ हवीच: लाइट गेली म्हणून थांबलेल्या यंत्रात लॉक न लावता हात घालायचा नाही. लाइट कधी येईल ते कोणाच्याच हातात नसतं आणि काही यंत्रं सप्लाय येताच पुन्हा सुरू होतात.

फोटो आणि आवाज

फोटो माणूस जिथं उभा राहणार तिथूनच काढा. एक लांबून, पॅनल सापडावं म्हणून. एक जवळून, हँडल आणि नंबर दिसावा म्हणून. ज्याला हात लावायचा त्याच्याभोवती जाड पिवळं वर्तुळ काढा, बाकी काही नको. रुंदी १२८० पिक्सेलच्या आसपास ठेवली तर एक फोटो दीड-दोनशे केबीत बसतो आणि सगळं कार्ड दोन एमबीच्या आत राहतं. व्हॉट्सॲपवरून मागवलेला फोटो दाबला जाऊन पॅनलवरचा नंबर पुसट होतो. तो डॉक्युमेंट म्हणून मागवा.

मराठीसोबत हिंदी कार्ड लागतंच. जालन्याच्या मिलमध्ये, शेंद्रा-वाळूजच्या कंत्राटी गँगमध्ये बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाकडची माणसं असतात. वाचायला जड जाणाऱ्यांसाठी प्रत्येक पायरीला पंधरा-वीस सेकंदांचा आवाज भरा आणि तो आपल्याच प्लँटमधल्या एखाद्या जाणत्या फिटरचा घ्या, त्याच्या रोजच्या बोलीत. लिहिलेलं आणि बोललेलं यात आयसोलेटरचा नंबर एकच आहे ना, तेवढं तपासा. रोलिंग स्टँडजवळ किंवा मिल हाऊसमध्ये यंत्रांच्या गोंगाटात फोनचा आवाज ऐकू येत नाही, आणि तो ऐकायला कानातलं संरक्षण काढायला लावणं चूक. तिथं आवाज कंट्रोल केबिनमध्ये ऐकून निघायचं आणि यंत्रापाशी फोटोवरून काम करायचं.

क्यूआर कोड: काय छापावं, कुठं लावावं

क्यूआरमध्ये लांबलचक वेब पत्ता घातला की चौकटी बारीक होतात आणि तेलाचा एक बोटाचा ठसाही स्कॅन बिघडवतो. फक्त यंत्राचा क्रमांक घाला. पाच-सहा इंग्रजी अक्षरं आणि आकडे २१ बाय २१ चौकटींच्या सगळ्यात लहान कोडमध्ये बसतात, तेही सगळ्यात वरच्या दुरुस्ती-पातळीवर, म्हणजे साधारण ३० टक्के कोड खराब झाला तरी वाचता येतो. दुसरा फायदा असा की नेट नसतानाही फोनमधलं ॲप तो क्रमांक वाचून आतलं कार्ड उघडू शकतं. साध्या कॅमेऱ्यानं स्कॅन केलं तर मात्र नुसता क्रमांक दिसेल, म्हणून ॲप सगळ्या फोनवर आधी टाकलेलं हवं.

आकार अंतराचा दहावा भाग धरा: ४० सेंटिमीटरवरून वाचायचा तर कोड ४० मिलिमीटरचा. म्हणजे एक चौकट जवळपास दोन मिलिमीटरची, आणि चारही बाजूंनी चार चौकटींइतकी, म्हणजे आठ मिलिमीटर, पांढरी जागा मोकळी. खाली क्रमांक मोठ्या अक्षरात छापा. स्कॅन झालं नाही तर तो टाइप करता येतो. साधा कागदी स्टिकर कुलंटच्या तुषारात किंवा बगॅसच्या धुळीत टिकत नाही. लॅमिनेशन केलेलं पॉलिएस्टर लेबल बऱ्याच ठिकाणी चालतं. भट्टी, बॉयलर किंवा उघड्यावर अॅनोडाइज्ड ॲल्युमिनियमची पट्टी रिव्हेट करून लावा. चकचकीत स्टीलवर कोरलेला कोड प्रकाश परततो आणि वाचला जात नाही.

जागा आयसोलेटरच्या हँडलजवळ. यंत्राच्या गार्डवर लावला तर गार्ड काढला की कोडही जातो, आणि स्कॅन करायला माणूस नेमका नको तिथं झुकतो.

नेट नसताना

पत्र्याच्या शेडमध्ये, बॉयलरमागं, तळघरातल्या केबल गॅलरीत रेंज नसते. इंटरनेटवरच्या ड्राइव्हवर ठेवलेली पीडीएफ तिथं फिरत्या वर्तुळापलीकडे जात नाही. त्यामुळे कार्ड फोनमध्येच साठवलेलं हवं आणि शिफ्टच्या सुरुवातीला, ऑफिसच्या वाय-फायवर ते ताजं व्हायला हवं. लहान प्लँटला ओडीके कलेक्टसारखं मोफत साधन पुरतं: फॉर्म आधी उतरवून ठेवता येतो, त्यात फोटो, आवाज आणि दोन भाषा घालता येतात, कोड स्कॅन होतो, भरलेलं नेट आल्यावर पाठवलं जातं. मोठ्या प्लँटला स्वतःचं ॲप परवडेल, पण त्याची पहिली परीक्षा फोन एअरप्लेन मोडवर टाकूनच घ्या.

व्हॉट्सॲप ग्रुप यासाठी वापरू नका. तिथं आवृत्ती २ आणि आवृत्ती ३ शेजारी-शेजारी पडलेल्या असतात, आणि नवा माणूस वर सरकत जाऊन जी आधी सापडेल ती उघडतो. ‘पीपी-०७ चं कार्ड बदललंय, फोन ताजा करा’ एवढी सूचना द्यायला ग्रुप ठीक.

फोन बंद पडला तर? प्रत्येक आयसोलेटरजवळच्या डबीत लॅमिनेट केलेलं एक कार्ड ठेवा, त्याच आवृत्तीचं. फोनवर बदल झाला त्याच दिवशी डबीतलं कार्ड बदला आणि जुनं फाडून टाका.

फोन कोणाचा

कंपनीचा. दर शिफ्टला, दर खात्याला एक-दोन फोन, रजिस्टरवर सही करून घ्यायचे. माणसाच्या स्वतःच्या फोनवर, त्याच्या डेटावर सुरक्षिततेची माहिती ढकलायची हे योग्य नाही; आणि कॅमेऱ्याला बंदी असलेल्या प्लँटमध्ये तो फोन गेटवरच राहतो. कंत्राटी माणसालाही तोच फोन, तेच कार्ड. कामगाराला आपल्या सुरक्षिततेची माहिती मिळण्याचा हक्क १९८७ च्या दुरुस्तीनंच, भोपाळनंतर, कारखाने अधिनियमात कलम १११-अ म्हणून आला होता. तो हक्क इंग्रजी फाइल कपाटात ठेवून पुरा होत नाही.

फोनवर ॲप पिन करून ठेवा म्हणजे दुसरं काही उघडणार नाही. जाड कव्हर आणि मनगटाला दोरी लावा, कारण मोकळा फोन कन्व्हेअरवर पडला की माणूस तो काढायला वाकतो. बटणं ग्लोव्ह्जमधून दाबता येतील एवढी मोठी हवीत. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये फोन तापतो आणि पडदा आपोआप मंद होतो, म्हणून चार्जिंगची जागा सावलीत, थंड केबिनमध्ये ठेवा.

साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत साधा फोन आत न्यायचाच नाही. इथेनॉलचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला त्याची वाफ पेट घेण्याइतकी होते) सुमारे १३ अंश सेल्सिअस, आणि आपल्याकडच्या हिवाळ्याच्या दिवसालाही तापमान त्याच्या वर असतं. हवेत साधारण ३.३ टक्के वाफ झाली की ती पेट घेऊ शकते. तिथं त्या झोनसाठी (स्फोटाचा धोका असलेल्या भागासाठी) प्रमाणित फोनच चालतो. तो नसेल तर छापील कार्ड, आणि फोनवरचं वाचन झोनबाहेर. टाकी, डायजेस्टर, मोलॅसिसची टाकी यांच्या कार्डावर गॅस मीटरचे आकडे लिहिण्याची जागा सक्तीची ठेवा: ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्के, ज्वलनशील वायू खालच्या स्फोटमर्यादेच्या १० टक्क्यांच्या आत, हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमच्या आत. ‘वास येत नाही’ हे उत्तर फॉर्मनं घेऊच नये. हायड्रोजन सल्फाइड वाढला की नाक बधिर होतं आणि वास येणं थांबतं. टाकीत न्यायचा हँडलॅम्प २४ व्होल्टपेक्षा जास्तीचा नको, ही मर्यादा १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम ३६-अ मध्ये घातलेली होती.

खूण म्हणजे काम झालं असं नाही

फॉर्ममध्ये एका पायरीचं उत्तर दिल्याशिवाय पुढची उघडू नये. लॉक लावल्यावर लॉकचा नंबर आणि आयसोलेटर एकाच फोटोत मागवा. तरीही लॉकच्या फोटोवरून फक्त लॉक लागलं एवढंच कळतं. सप्लाय शून्य आहे हे टेस्टरच सांगतो. म्हणून टेस्टची पायरी करणाऱ्याचं नाव वेगळं घ्या.

काही आठवड्यांत खुणा यांत्रिकपणे मारल्या जाऊ लागतात. ओडीकेमध्ये प्रत्येक प्रश्न कधी उघडला, कधी सोडला याची नोंद ठेवता येते. ती सुरू करा. आठ पायऱ्या अर्ध्या मिनिटात संपल्या असतील तर त्या यंत्रापाशी केलेल्या नाहीत. अशा वेळी माणसावर चढण्याआधी कार्ड बघा. पॅनल यंत्रापासून लांब आहे का, ब्लॉक स्टोअरमध्ये बंद असतो का, लॉक पुरेशी आहेत का, हे विचारा. बहुतेकदा कारण तिथंच सापडतं. हे रेकॉर्ड पगार कापायला एकदा जरी वापरलं, तरी त्यानंतर येणाऱ्या नोंदी खऱ्या राहणार नाहीत.

शिफ्ट बदलताना काम अर्धवट असेल तर फॉर्म ‘पुढच्या शिफ्टकडे’ या टप्प्यावर थांबावा. येणारा आपलं लॉक लावतो, मगच जाणारा आपलं काढतो. दोघं समोरासमोर यंत्रापाशी हवेत. फोनवरचा निरोप चालत नाही.

चाचणी आणि बदल

कार्ड तयार झालं की ते दुसऱ्या खात्यातल्या एखाद्या हेल्परला द्या, ज्यानं ते यंत्र कधी उघडलेलं नाही. चालू यंत्रावर नव्हे. इलेक्ट्रिशियननं आधीच आयसोलेट करून तपासलेल्या यंत्रावर, फक्त हात दाखवत करायला सांगा. तुम्ही मागं उभे राहा आणि बोलू नका. तो जिथं थबकतो, मागं वळून बघतो, चुकीच्या व्हॉल्व्हकडे जातो, ती पायरी पुन्हा लिहा.

मोटर बदलली, फीडर हलवला, व्हॉल्व्हला बायपास टाकला, कंट्रोल पॅनल नवं आलं, की त्या दिवशी ते कार्ड फोनवर ‘थांबवलेलं’ दिसलं पाहिजे. दुरुस्त होऊन, फिटर आणि इलेक्ट्रिशियन दोघांच्या सहीनं परत येईपर्यंत त्या यंत्रावर काम इन्चार्जसमोर, लेखी परमिटवरच. मॉडिफिकेशनच्या फॉर्मवरच ‘कार्ड क्रमांक’ असा एक रकाना घाला, नाहीतर प्रोजेक्टवाले काम करून निघून जातात आणि मेन्टेनन्सला बदल अडचणीच्या वेळी कळतो. साखर कारखान्यात ऑफ-सीझनला निम्मी यंत्रं उघडलेली असतात. पॅनल आणि व्हॉल्व्हचे फोटो नव्यानं काढायला तीच वेळ बरी, आणि बॉयलर पेटवण्याआधी प्रत्येक कार्ड एकदा यंत्रापाशी नेऊन नंबरशी ताडून घ्या.